रोजच्या कामाचे इंग्रजी : पोचा की फुगवटा?

शाळेच्या दप्तरातला इंग्रजी-मराठी शब्दकोश उघडावा तर ‘डेंट’ म्हणजे खळगा, ‘डिंपल’ म्हणजे खळी, ‘बल्ज’ म्हणजे फुगवटा, ‘बम्प’ म्हणजे उंचवटा आणि ‘हम्प’ म्हणजेही उंचवटाच. वाचणाऱ्याला वाटते, चला, अर्थ दोनच. काही शब्द आत गेलेल्या भागाचे, काही वर आलेल्या भागाचे. परीक्षेत तेवढ्यावर गुण मिळतात. पण गोदामात, कारखान्याच्या फाटकावर, दवाखान्यात हेच शब्द कागदावर येतात तेव्हा तेवढ्यावर भागत नाही. कारण यांतले बरेच शब्द वस्तू कशी दिसते एवढे सांगून थांबत नाहीत, ती तशी कशाने झाली तेही सांगतात. म्हणजे शब्द साक्ष देतो. ती साक्ष कोणाविरुद्ध जाते, हे खाली सही करणाऱ्याला ठाऊक असलेच पाहिजे.

‘डेंट’ आणि ‘बल्ज’ ही जोडी प्रथम घेऊ. पातेले हातातून निसटून फरशीवर पडले की त्याला पोचा पडतो, तो ‘डेंट’. बाहेरून ठोका बसला आणि पत्रा आत गेला. जुन्या इंग्रजीत हा शब्द खुद्द फटक्याचेच नाव होता. फटक्याच्या खुणेला तो नंतर लागला. ‘बल्ज’चे मूळ मात्र चामड्याची पिशवी असा अर्थ असलेल्या लॅटिन शब्दात आहे. पिशवीत माल कोंबला की ती बाहेर येते, तसा आतल्या दाबाने आलेला फुगवटा म्हणजे ‘बल्ज’. एकात जोर बाहेरचा, दुसऱ्यात आतला.

आम्ही कारकुनी करतो आणि सुटीच्या दिवशी वस्तीतल्या लोकांचे कागद वाचून देतो. काही वर्षांपूर्वी एका गोदामातले तिघे माथाडी असाच एक इंग्रजी कागद घेऊन आले. रसायनाच्या पिंपांचे नुकसान झाले म्हणून त्यांच्या मजुरीतून कपात होणार होती. कागदावर लिहिले होते ‘डेंट’, आणि खाली तिघांचे अंगठे-सह्या. आम्ही विचारले, “पिंप आत गेले आहे काय?” तर ते म्हणाले, “नाही दादा, झाकण वर आले आहे, ढोल फुगावा तसे.” उन्हात राहिलेल्या बंद पिंपात वायूचा दाब वाढला की असे होते. आपटल्याने झाकण वर येत नाही. म्हणजे पिंप जे सांगत होते त्याच्या उलट कागद सांगत होता. आणि सही कागदावर होती, पिंपावर नव्हती! पुढे अर्ज करून पिंपे प्रत्यक्ष पाहायला लावली तेव्हा कपात थांबली.

येथे कायद्याचीही एक गोष्ट सांगून ठेवतो. कामगाराच्या ताब्यात सोपवलेल्या मालाचे नुकसान थेट त्याच्या हयगयीमुळे झाले असेल तरच मजुरीतून कपात करता येते, आणि तीही त्याला आपले म्हणणे मांडण्याची संधी दिल्यानंतरच. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्यात हे होते. २०१९ च्या वेतन संहितेतही ते ठेवलेले आहे. आता नुकसान कोणामुळे झाले हाच प्रश्न असताना, ‘डेंट’ लिहिले की निम्मे उत्तर देऊन झालेच. शंका असेल तर तो शब्द आपण लिहू नये. “झाकण वर आलेले, बाजूला ठोक्याची खूण नाही” असे सरळ मराठीत लिहावे आणि त्याखाली सही करावी.

घरातही हाच भेद कामास येतो. डबाबंद खाद्याचा डबा पोचा पडलेला असेल आणि पोचा सांध्यावर नसेल, तर बहुधा भीती नसते. पण डबा फुगलेला असेल, तर आत जंतू वाढून वायू झाला असण्याचा संभव असतो. बॉट्युलिझम नावाची जीवघेणी विषबाधा अशा डब्यातून होऊ शकते. तो डबा स्वस्त मिळाला तरी घेऊ नये, घरात असेल तर चाखूनसुद्धा पाहू नये. रिक्षावाल्या बंधूंनी टायरकडेही असेच पाहावे. टायरच्या बाजूला ‘बल्ज’ आला म्हणजे आतले धागे तुटले आणि हवा तेथून बाहेर ढकलते आहे. धागे तुटले ते बहुधा खड्ड्यात आपटूनच, हे खरे. पण फुगवटा आणतो तो आतला दाब, आणि असे टायर चालताचालता फुटते.

भांड्यांचे बाकीचे शब्द तर आपल्या मायबहिणींना कोणी शिकवायला नको. कपाचा टवका उडाला तो ‘चिप’, तडा गेला तो ‘क्रॅक’, घासणीने ओरखडा उठला तो ‘स्क्रॅच’. मराठीत नेमका शब्द आधीच आहे. शब्दकोशवाले मात्र सगळ्याला ‘खराबी’ म्हणून मोकळे होतात.

यापुढचे शब्द शरीराचे आहेत आणि ते भगिनींनी जरा सावकाश वाचावेत. ‘स्वेलिंग’ म्हणजे सूज. ती पसरलेली असते, कोठे सुरू झाली आणि कोठे संपली हे बोटाने दाखवता येत नाही. ‘लम्प’ म्हणजे गाठ. तिला बहुधा स्वतःची कड असते, बोटाला ती वेगळी लागते. स्तनांच्या कर्करोगाविषयीच्या पत्रकात ‘लम्प’ लिहिलेले असते ते यासाठी. दुखत नाही म्हणून पुष्कळ बाया ही गाठ अंगावर काढतात. प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते, बहुतेक नसतातच. पण कोणती आहे ते दुखण्यावरून ठरत नाही, तपासणीवरून ठरते.

त्याच पत्रकात ‘डिंपल’ हा शब्दही येतो आणि येथे गफलत होते. सिनेमाच्या मासिकाने आपल्याला ‘डिंपल’ म्हणजे गालावरची गोड खळी एवढेच शिकवले आहे. ‘डेंट’ बाहेरच्या ठोक्याने पडतो. शरीरावरची खळी मात्र कातडी आतून ओढली गेल्याने पडते. गालाची खळी जन्माची. पण स्तनाच्या कातडीला नव्याने खळी पडू लागली, किंवा कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसू लागली, तर आतली एखादी गाठ तिला ओढत असेल असे समजून त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. मुलीने पत्रक वाचून दाखवले आणि ‘डिंपल’ला दोघी मायलेकी हसल्या, असे व्हायला नको.

रस्त्याकडे वळू. आपण सगळ्यालाच ‘स्पीडब्रेकर’ म्हणतो. अभियंते ‘बम्प’ आणि ‘हम्प’ असा फरक करतात. ‘हम्प’ म्हणजे बैलाचे वशिंड, तसा हळू चढणारा आणि हळू उतरणारा उंचवटा. इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने १९८८ साली काढलेल्या मार्गदर्शक सूचनांतला गोलसर ‘हम्प’ ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच आहे, ताशी २५ किलोमीटर वेगाने वाहन नीट जावे या हिशेबाचा. ‘बम्प’ म्हणजे धक्का, आणि धक्क्याने आलेले टेंगूळही. वीतभर-हातभर रुंदीचा उभट बांध, जो वाहनातल्या माणसाला उडवतो. आपल्या वस्त्यांच्या तोंडाशी रातोरात घातलेले बांध हे बहुतेक ‘बम्प’च. गरोदर बाईला रिक्षातून दवाखान्यात नेणाऱ्याला हा फरक विचारावा. नगरपालिकेला अर्ज करताना “स्पीडब्रेकर काढा” असे लिहू नये, कारण तो मुलांच्या जिवासाठी हवाच असतो. “बम्प काढून मापाचा हम्प करा” असे लिहावे.

आय.टी.आय.मध्ये फिटरचे काम शिकणाऱ्या मुलांसाठी आणखी तीन शब्द : ‘फ्लॅट’, ‘लेव्हल’ आणि ‘स्मूद’. तिन्ही ‘सपाट’ म्हणून चालवले जातात. ‘फ्लॅट’ म्हणजे उंचसखल नसलेले. ‘लेव्हल’ म्हणजे पाणसळीला लागणारे, साचलेल्या पाण्याच्या पातळीसारखे. चांगली गच्ची ‘फ्लॅट’ असते पण पुरती ‘लेव्हल’ नसते. असती तर पावसाचे पाणी नळाकडे गेलेच नसते. ‘स्मूद’ म्हणजे हाताला गुळगुळीत. काचेची गोटी ‘स्मूद’ आहे आणि मुळीच ‘फ्लॅट’ नाही. कानशीने घासलेला तुकडा चकाकतो म्हणून तो सपाट झाला असे समजणारा मुलगा येथेच फसतो.

मग सपाट ओळखायचे कसे? जोसेफ व्हिटवर्थ या इंग्रज अभियंत्याने १८४० साली ग्लासगोच्या सभेत याची पद्धत मांडली. दोन पत्रे रंग लावून एकमेकांवर घासले आणि सगळीकडे सारखे टेकले, तरी ते सपाट आहेत असे ठरत नाही. एक वाटी दुसऱ्या वाटीत चपखल बसते, म्हणून वाट्या सपाट होतात काय? एकीचा आतला भाग ‘कॉन्केव्ह’, म्हणजे अंतर्वक्र. दुसरीचा बाहेरचा ‘कॉन्व्हेक्स’, म्हणजे बहिर्वक्र. एकीची चूक दुसरीत लपते. म्हणून तीन पत्रे घ्यावेत. पहिला दुसऱ्याशी, दुसरा तिसऱ्याशी, तिसरा पहिल्याशी, असे तिन्ही जुळेपर्यंत उंच जागा खरवडत जावे. तिघांत मिळून चूक लपायला जागा उरत नाही. ट्रेडच्या तोंडी परीक्षेला हे सांगता आले तर परीक्षक मान वर करून पाहील.

शेवटी दोन जोड्या घाईघाईने. पँटची इस्त्रीची घडी ‘क्रीज’, बसून बसून पडलेली चुणी ‘रिंकल’. पहिली मुद्दाम पाडलेली, दुसरी आपोआप. फळी सरकण्यासाठी सुताराने कोरलेली खोबण ‘ग्रूव्ह’, गाड्यांच्या चाकांनी पडलेली चाकोरी ‘रट’. शेतातली सरी ‘फरो’ आणि वरंबा ‘रिज’, हे गावाकडच्या मंडळींना एकदा सांगितले की पुरे.

पुढील अंकात पगाराच्या चिठ्ठीवरचे शब्द घेऊ. ज्यांच्याकडे अशी चिठ्ठी असेल त्यांनी ती जवळ घेऊनच बसावे.