सायकल दिली, वाट कोण देणार?

पांढुर्णा हे नाव किनारपट्टीच्या वाचकाला आठवते ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. जाम नदीच्या पात्रात पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात होणाऱ्या गोटमारीचे वृत्त त्या सुमारास छापून येते आणि पुढे वर्षभर त्या मुलुखाची कोणाला आठवण राहत नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली तेव्हा नागपूरसह विदर्भ मुंबई राज्यात आला. पांढुर्णा आणि सौंसर मात्र छिंदवाडा जिल्ह्याबरोबर मध्य प्रदेशातच राहिले. घरात मराठी, कचेरीत हिंदी आणि ओढा नागपूरच्या बाजारपेठेकडे, असा तेथील संसार आहे. २०२३ साली या दोन तहसिलींचा मिळून पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. नव्या जिल्ह्याला नवे रस्ते हवेत, हे ओघानेच आले. त्या रस्त्यांवर सायकलीला जागा असणार आहे काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

प्रश्न क्षुल्लक वाटेल; पण तो तसा नाही. लांब पल्ल्याच्या सायकलस्वारीचे वेड आता महाराष्ट्रात चांगलेच रुजले आहे. नाशिकच्या महाजन बंधूंनी २०१५ साली आणि नागपूरच्या डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली अमेरिका आडवी ओलांडणारी शर्यत पुरी केली. साडेतेरा तासांत दोनशे किलोमीटर, चाळीस तासांत सहाशे किलोमीटर अशा 'ब्रेव्हे' फेऱ्यांत डॉक्टर, शिक्षक, नोकरदार उतरतात. नागपूरहून उत्तरेकडे सातपुड्याचा चढ चढू पाहणाऱ्याला सावनेरला दोन फाटे लागतात. एक पांढुर्णा, मुलताई, बैतूलवरून भोपाळकडे जाणारा सत्तेचाळीस क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग. दुसरा सौंसरवरून छिंदवाड्याकडे जाणारा. दोहोंवर मालमोटारींची रीघ असते. सौंसर तहसिलीतील बोरगावच्या औद्योगिक वसाहतीची वाहतूक दुसऱ्या रस्त्यावर आणखी भर घालते. २०२२ साली देशात रस्त्यांवरील अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांतील सुमारे ३६ टक्के राष्ट्रीय महामार्गांवर, आणि या महामार्गांची लांबी देशातील एकूण रस्त्यांच्या जेमतेम दोन टक्के! सायकलस्वार आडवाट शोधतो तो काही हौसेखातर नव्हे.

ही आडवाट शोधणे हे एक शास्त्रच आहे. अरुंद रस्ता म्हणजे निवांत रस्ता, ही समजूत घातक आहे. चौपदरी महामार्गाच्या कडेला निदान हातभर डांबर मोकळे सापडते; ज्या दुपदरी रस्त्याला कडाच नाही आणि ज्यावरून मालमोटारी समोरासमोर येतात, तो त्याहून वाईट. रस्ता किती रुंद, यापेक्षा तो कशाकशाला जोडतो, हे आधी पाहावे लागते. कारखाना आणि महामार्ग यांना जोडणारा रस्ता टाळावा. गाव आणि गाव यांना जोडणारा धरावा. त्यानंतर पंचांग आणि बाजार पाहावा. आंबिया आणि मृग या दोन्ही बहारांच्या तोडणीच्या दिवसांत संत्र्यांच्या बागांतील लहान रस्त्यांवरही गाड्यांची दाटी होते. सौंसरजवळच्या जामसावळीच्या मारुतीला मंगळवारी-शनिवारी भाविकांची रांग लागते. गोटमारीच्या दिवशी तर पांढुर्ण्याकडे फिरकूच नये. पावसाळ्यात फरशीचे पूल पाण्याखाली जातात आणि वैशाखात दुपारी रस्ता धरणे हा शुद्ध अविचार ठरतो. राहिली अडचणीत परतण्याची सोय. पांढुर्णा नागपूर-इटारसी लोहमार्गावर आहे आणि सौंसर पूर्वीच्या छोट्या, आताच्या रुंद नागपूर-छिंदवाडा मार्गावर. शहाण्याने आपली वाट या दोन रुळांच्या मधोमध आखावी.

वाट आखण्याजोगे रस्ते तेथे नाहीत असेही नाही. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने देशभर खेड्यापाड्यांत पावणेचार मीटर रुंदीच्या डांबरी रस्त्यांचे जाळे विणले. सायकलीला याहून सोयीचा रस्ता कोणता? पण प्रत्येक गाव जवळच्या मोठ्या रस्त्याला जोडून द्यावयाचे, हा त्या योजनेचा हेतू. गावे एकमेकांना जोडणे तिच्या हिशेबात दुय्यम ठरले. आणि राज्याच्या सीमेपलीकडील गाव तर दुसऱ्याच सरकारच्या खतावणीत. डांबर शिवेपर्यंत येते, पुढे बैलगाडीची चाकोरी लागते. सोयरीक सीमा ओलांडते, बाजार ओलांडतो. रस्त्याला मात्र ती ओलांडता येत नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हौशी शहरी मंडळींच्या सोयीसाठी सरकारने का झिजावे? त्यावर आमचे उत्तर सरळ आहे. मध्य प्रदेश सरकार सहावीत किंवा नववीत दुसऱ्या गावच्या सरकारी शाळेत जाणाऱ्या, दोन किलोमीटरांहून लांब राहणाऱ्या मुलामुलींना मोफत सायकल देते. योजना उत्तम आहे. परगावी शिकावयास जाणाऱ्या मुलीच्या हाती सायकल आली म्हणजे तिचे पुढील शिक्षण हाती आले. पण ही मुलगी रोज जाते कोणत्या वाटेने? दोन गावांमधील आडवा रस्ता कच्चा असेल, तर तिला महामार्ग गाठणेच भाग पडते. नागपूरचा सायकलस्वार वर्षातून एकदा जी जोखीम पत्करतो, ती या मुलीला दिवसातून दोनदा पत्करावी लागते. दोघांना हवा असलेला रस्ता मात्र एकच आहे. आणि जिल्ह्याचे ठाणे आता पांढुर्ण्यास आल्याने सौंसरच्या लोकांची सरकारी कामे छिंदवाड्याऐवजी तिकडे वळली आहेत. या दोन गावांमधील आडव्या रस्त्यावर वर्दळ वाढणे क्रमप्राप्त आहे. रुंदीकरणाची मागणी उद्या येईलच. त्या आराखड्यात सायकलीची कड आज धरली नाही, तर उद्या तिला जागा उरणार नाही.

आमच्या वाचकांना हे दूरचे वाटू नये. मुंबईहून गोव्यास सायकलीने येणारा शहाणा माणूस महामार्ग सोडून किनारा धरतो. आगरदांडा, बागमांडले, दाभोळ, जयगड अशा खाड्या तरीने ओलांडीत देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत तेरेखोलच्या फेरीबोटीतून केरीला उतरतो. ही वाट कोणा सरकारने सायकलीसाठी आखली नव्हती. खाड्यांवर पूल नव्हते म्हणून मालमोटारी तिकडे वळल्या नाहीत आणि ती आपोआप निवांत राहिली. आता रेवस-रेडी सागरी महामार्गाचे पूल होऊ घातले आहेत. पूल व्हावेत, आजाऱ्याला इस्पितळ लवकर गाठता यावे, याला कोण विरोध करील? परंतु पुलाबरोबर अवजड वाहतूक येणार, हे जाणून कडेला सायकलीची पट्टी आजच आखली पाहिजे. दैवयोगाने लाभलेली शांतता योजनेवाचून टिकत नाही.

पांढुर्णा जिल्ह्याने यात धडा घालून द्यावा, असे आम्हांस वाटते. खर्च फारसा नाही. ग्रामसडकांचे तुटलेले दुवे नागपूर आणि अमरावती जिल्ह्यांशी बोलून सांधावेत. सावनेर, सौंसर, मोहगाव, पांढुर्णा, वरूड अशी सायकलीची वाट नकाशावर आणि दगडी खुणांनी दाखवावी. शाळेच्या वाटांना त्यात पहिला मान द्यावा. सरकारने मुलीच्या हाती सायकल दिली आहे. ती कोठून चालवावयाची हे सांगण्याची जबाबदारीही त्याच सरकारची आहे.