साहेब, नॉर्मल आहे हे!

मित्रहो, पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा. आणि ज्यांच्या दारात वर्षा-दीड वर्षाची नवी गाडी उभी आहे, त्यांनी तर शेवटपर्यंत वाचाच.

मागच्या दसऱ्याला आम्ही गाडी घेतली. आयुष्यातली पहिली नवी गाडी. याआधीच्या दोन्ही सेकंडहँड होत्या आणि दोन्ही बैलगाडीसारख्या वाजायच्या, त्याचं काही वाटलं नाही कधी. जुनं आहे, वाजणारच. पण सात वर्षांचं कर्ज डोक्यावर घेऊन, हार-नारळ करून आणलेली गाडी दहा महिन्यांत टक-टक करायला लागली, की माणसाची झोप उडते.

कंपनीचं आणि शोरूमचं नाव लिहिणार नाही. एक म्हणजे प्रकरण आता कागदावर चाललंय. दुसरं म्हणजे नाव लिहिलं की चर्चा "ती कंपनी भंगार, ही चांगली" अशी भरकटते. विषय एका कंपनीचा नाही. विषय आहे "साहेब, नॉर्मल आहे हे" या चार शब्दांचा.

आवाज सुरू झाला उन्हाळ्यात. खडबडीत रस्ता, वीस-तीसचा स्पीड, पुढून डावीकडून टक... टक-टक. डांबर गुळगुळीत असलं की गप्प. आधी मीच शोधायला लागलो. डिकी रिकामी केली. दाराच्या खणातली पाण्याची बाटली, चिल्लर, चष्म्याची डबी, सगळं काढलं. पोरगा मागच्या सीटवर आडवा होऊन पत्र्याला कान लावून बसला, बायको पुढे डॅशबोर्ड दाबून बसली आणि मी बार्शीच्या गल्ल्यांतून खड्डे शोधत गाडी फिरवली. (खड्डे शोधावे लागले नाहीत, हे आपल्या गावकऱ्यांना सांगायला नको.) तर त्यात तीन आवाज सापडले. जॅकचा पट्टा सैल होता. मागची नंबरप्लेट पत्र्यावर आपटत होती. कोणी बसलेलं नसलं की सीटबेल्टचं बक्कल खांबाच्या प्लॅस्टिकवर वाजायचं. सायकलची जुनी ट्यूब आणि फोमचा तुकडा यात तिन्ही मिटले. खर्च शून्य.

चौथा राहिला.

त्यासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी सर्व्हिस सेंटरला तीन वेळा गेलो. जाऊन-येऊन जवळजवळ दीडशे किलोमीटर, आणि प्रत्येक वेळी एक सुट्टी. पहिल्या वेळी अ‍ॅडव्हायझर म्हणाला, "सर, गाडी ठेवून जा." संध्याकाळी गाडी धुऊन, पुसून, चकाचक करून दिली. टक-टक जशीच्या तशी. दुसऱ्या वेळी म्हणाला, "सर, सस्पेन्शन चेक केलं, सगळं ओके आहे. आपल्याकडचे रस्तेच असे आहेत." तिसऱ्या वेळी मी हट्ट धरला की माझ्या शेजारी बसा. बसला. पण फिरवली कुठे, तर सेंटरसमोरच्या चौपदरी रस्त्यावर, साठच्या स्पीडने, एसी सुरू, काचा बंद. म्हणाला, "कुठाय आवाज सर? नॉर्मल आहे हे. नवीन गाडी सायलेंट असते ना, म्हणून बारीक आवाजसुद्धा जाणवतो."

म्हणजे दोष गाडीत नाही, माझ्या कानात आहे!

रस्त्यांचं म्हणाल तर वीस वर्षं रस्त्यांवर बातम्या लिहितोय, रस्ते खराब आहेत हे मला कोणी शिकवू नये. पण गाडी विकताना रस्ता माहीत नव्हता का? जाहिरातीत हीच गाडी डोंगर चढते, नदीतून पाणी उडवत जाते. शोरूममधला पोरगा "ग्राउंड क्लिअरन्स बघा सर" म्हणत बोनेटवर हात फिरवतो. आणि दहा महिन्यांनी तीच गाडी आपल्या तालुक्यातल्या रस्त्यासाठी बनलेली नसते.

त्या तिन्ही खेपांना मला काय काय सुचवलं, तेही ऐका. अँटी-रस्ट कोटिंग. एसीचं जंतुनाशक. इंजिन डीकार्बनायझिंग. पॉलिश. आवाज शोधायला वेळ नाही, पण दहा महिन्यांच्या इंजिनमधला कार्बन काढायला वेळ आहे. पूर्वी अशाच एका सेंटरला काम केलेला ओळखीचा पोरगा आहे, त्याला विचारलं असं का. तो म्हणाला, "दादा, पार्ट बदलला तर त्याचे तास धरतात. कोटिंग विकलं तर इन्सेंटिव्ह. आवाज शोधत दोन तास फिरलो आणि नुसता एक नट आवळला, तर ते दोन तास कोण देणार? वर दिवसाला सात-आठ गाड्या उरकायच्या." त्या पोरांवर माझा राग नाही. त्यांना कान आहेत, पण ऐकायचे पैसे कोणी देत नाही. राग त्यांच्यावर आहे, ज्यांनी हा हिशोब बसवला.

शेवटी परांडा रोडला आमच्या चाचांकडे गेलो. पत्र्याची शेड, वर टायर टांगलेले, भिंतीवर मागच्या वर्षीचं कॅलेंडर. चाचांनी गाडीला हातच लावला नाही आधी. प्रश्न विचारत बसले. "कवा वाजतंय? गाडी उभी असताना रेस केल्यावर वाजतंय का? वळताना वाढतंय का? स्पीड वाढला की घाई करतंय का?" नाही, नाही, नाही. "सर्व्हिसिंग कवा झाली?" दहा हजारची, उन्हाळ्यात. "आवाज त्याच्या आधी हुता का मागनं सुरू झाला?"

खरं सांगतो, हा प्रश्न तीन खेपांत मला कोणी विचारला नव्हता. आणि मीही, लोकांना प्रश्न विचारून पोट भरणारा माणूस, स्वतःला विचारला नव्हता. आवाज त्यानंतरच्या आठवड्यातच सुरू झाला होता.

चाचा शेजारी बसले. मागच्या गल्लीतल्या फुटक्या काँक्रीटवरून गाडी घ्यायला लावली. टक-टक सुरू. म्हणाले, "आता ब्रेकवर पाय ठेवा. दाबू नका, नुसता टेकवा." टेकवला. आवाज बंद! पाय काढला, सुरू. टेकवला, बंद. चार वेळा केलं. चाचा म्हणाले, "पत्रकारसाहेब, परत फिरवा. हळू चला."

यामागचं गणित सोपं आहे. ब्रेकचा कॅलिपर म्हणजे डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा पकडणारा भाग. तो सैल असेल किंवा त्यातले पॅड खुळखुळत असतील तर खड्ड्यात आपटतो. ब्रेकवर पाय टेकवला की चिमटा आवळतो, आपटायला जागाच राहत नाही, म्हणून आवाज थांबतो. यासाठी कॉम्प्युटर लागत नाही. शेजारी बसून ऐकणारा माणूस लागतो.

डावं चाक खोललं. कॅलिपर दोन बोल्टांवर बसतो. खालचा बोल्ट काढला की तो वर उचलून पॅड बघता येतात, साफ करता येतात. तो खालचा बोल्ट चाचांनी दोन बोटांनी फिरवला. पाना न लावता, दोन बोटांनी! मी मोबाईलवर रेकॉर्ड करत होतो, व्हिडिओत माझा हात हललेला दिसतो. हा बोल्ट किती आवळायचा याचं माप कंपनीने ठरवून दिलेलं असतं, मोजून आवळणारा टॉर्क रेंच असतो. माझ्या गाडीत तो हातानेच लावून सोडून दिलेला. पुढे काय झालं असतं विचारलं तर चाचा म्हणाले, "बोल्ट गळून पडला असता, कॅलिपर फिरून चाकाच्या रिमला धडकला असता. मग ब्रेकचा पाइप तुटंल का चाक अडकंल, ते नशिबावर." याच गाडीतून मधल्या काळात आम्ही म्हातारीला घेऊन तुळजापूरला जाऊन आलो होतो. घाटातून.

घरी येऊन दहा हजारच्या सर्व्हिसचं बिल काढलं. त्यात एक ओळ आहे: ब्रेक क्लीनिंग, चारही चाकं. त्याचे वेगळे पैसे लावलेत आणि मी भरलेत. म्हणजे बोल्ट सैल ठेवण्याची मजुरी मीच दिली.

बिल आणि व्हिडिओ घेऊन सेंटरला गेलो. मॅनेजरने व्हिडिओ पाहिला. पहिलं वाक्य: "सर, बाहेर हात लावलात ना गाडीला? मग आता आम्ही जबाबदार नाही. त्या मेकॅनिकनेच सैल केला असेल." मी म्हटलं, मग त्याआधी तीन वेळा आवाजाची तक्रार घेऊन मी कशाला आलो होतो? जॉबकार्ड काढा. काढली. आणि मित्रहो, माझ्या पायाखालची जमीन तिथे सरकली. तिन्ही जॉबकार्डांवर ग्राहकाच्या तक्रारीच्या रकान्यात लिहिलंय, "जनरल चेकअप". आवाज हा शब्दच नाही. खाली माझी सही. गडबडीत, न वाचता केलेली.

कागदावर माझी गाडी कधी वाजलीच नाही.

नगरपालिकेच्या आवारात उभं आयुष्य गेलं माझं. नळाला गढूळ पाणी आलं की तक्रारवहीत "नियमित पाहणी केली" असं लिहून प्रकरण निकाली काढायचं, हा खेळ मला तोंडपाठ आहे. त्यावर मी बातम्या केल्यात. आणि काचेच्या, एसीच्या, कॉफीच्या मशीनच्या दुकानात त्याच खेळात मी अलगद सापडलो. सरकारी कारकून निदान "बघू" म्हणतो. इथे "नॉर्मल आहे" म्हणतात, म्हणजे बघायचंही कारण उरत नाही.

तुम्ही विचाराल, पत्रकार आहेस तर पेपरात का छापत नाहीस? रास्त प्रश्न. पाडवा-दसऱ्याला पेपरचं पहिलं पान कशाने भरलेलं असतं, आठवून बघा. त्या जाहिरातींतून आमचे पगार निघतात. रस्त्याच्या ठेकेदाराविरुद्ध मी बिनधास्त लिहू शकतो, शोरूमविरुद्ध लिहिलेलं पान लागेपर्यंत टिकत नाही. म्हणून इथे लिहितोय. याचे परिणाम मला होतील ते होतील.

आता थोडं कामाचं. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निष्काळजीपणा आणि ग्राहकापासून जाणूनबुजून माहिती दडवणं, दोन्ही सेवेतल्या त्रुटीत धरलंय. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, कंपनीचं ऑफिस मुंबईला असो की दिल्लीला. वकील हवाच असं नाही. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते, तिचा नंबर जपून ठेवा. पण हे सगळं उभं राहतं कागदावर, आणि कागद म्हणजे जॉबकार्ड. तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्या: कोणत्या बाजूने, किती स्पीडला, कशा रस्त्यावर, कधीपासून. "जनरल चेकअप" लिहिलं असेल तर सही करू नका. नाक मुरडतील, मुरडू द्या. जॉबकार्डचा फोटो काढा आणि नंतरच किल्ली द्या. टेस्ट ड्राइव्हला स्वतः बसा, आणि रस्ता तुम्ही ठरवा.

काहीजण म्हणतील, एवढ्या-तेवढ्या आवाजावरून केवढा तमाशा! त्यांच्यासाठी सांगतो, माझ्या गाडीत चार आवाज होते. त्यातले तीन खरोखर क्षुल्लक होते, ट्यूबच्या तुकड्यात मिटले. चौथा ब्रेकचा होता. गाडीत बसून चारही सारखेच ऐकू येत होते. त्यांतला फरक ओळखणं हे माझं काम नाही, त्याचेच तर पैसे मी मोजलेत.

मी डीलरला आणि कंपनीच्या ग्राहक विभागाला लेखी पत्र दिलंय, पोच घेतली आहे. पंधरा दिवसांची मुदत दिली आहे. उत्तर नाही आलं तर आयोगात जाणार. चाचांनी साक्ष द्यायची तयारी दाखवलीय. मजुरी विचारली तर म्हणाले, "एक बोल्ट आवळल्याचं काय घ्यायचं?" जबरदस्तीने दोनशे दिले.

परवा सेंटरमधून फोन आला. गोड आवाजातली मुलगी. "सर, कंपनीकडून फीडबॅकचा कॉल येईल, प्लीज दहापैकी दहा द्या, नाहीतर आमच्या टीमचं नुकसान होतं." तिचा तरी काय दोष. पण कंपनीचा कॉल आला तेव्हा मी शून्य दिला, आणि कारण सांगू का विचारलं. पलीकडून उत्तर आलं, "सर, कारणासाठी ऑप्शन नाही."

तर ज्यांची सर्व्हिस नुकतीच झालीय त्यांनी उद्या सकाळी एवढं करा. एसी आणि गाणी बंद, काचा खाली, मागे-पुढे गाडी नसलेला फुटका रस्ता, वीसचा स्पीड. पुढच्या चाकाकडून टक-टक ऐकू आली तर ब्रेकवर हलका पाय टेकवून बघा. आवाज थांबला तर गाडी तिथेच बाजूला लावा आणि मिस्त्रीला बोलावून घ्या. मला फोन नंतर करा.