आधी वाघ्याला विचारा!

हॉस्टेलमध्ये नवीन रूममेट आली की काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. कपाटाचा कुठला खण कोणाचा, फॅन किती नंबरवर, रात्री लाइट किती वाजता बंद... पहिला आठवडा नुसती धुसफूस! आणि आपल्याला तर बोलता येतं. आपण भांडू शकतो, रेक्टर मॅडमकडे अर्ज देऊ शकतो, अगदीच नाही पटलं तर रूम बदलून घेऊ शकतो. पण ज्याला यातलं काहीच करता येत नाही, त्याच्या खोलीत न विचारता एक नवा पार्टनर आणून सोडला तर?

मित्रांनो, मी कुत्र्यांबद्दल बोलतेय. हसू नका. गेल्या दिवाळीत आमच्या घरी या विषयावर जेवढी चर्चा झाली, तेवढी माझ्या इंजिनिअरिंगच्या ॲडमिशनच्या वेळीसुद्धा झाली नव्हती.

आमचं गाव मुरबाड तालुक्यात, सरळगावच्या पुढे. मी वाढले कल्याणला, शिकले कॉन्व्हेंटमध्ये (शुद्धलेखनाच्या चुका संपादकांनी पोटात घालाव्यात!), पण सुट्टी लागली की मुक्काम गावी. तिथे तीन कुत्रे होते. नऊ वर्षांचा वाघ्या, चार वर्षांची चांदी आणि शेरू. दिवाळीच्या आधीच्या थंडीत एका पहाटे शेरू ओट्यावर नव्हता. तुटलेली साखळी, अंगणात फरफटत नेल्याची खूण आणि बांधावर बिबट्याची पावलं. आजी दोन दिवस नीट जेवली नाही. शेरूला आम्ही रात्री बांधून ठेवायचो. भुंकून सगळ्यांना जागं करायचं काम त्याचं, आणि पळून जायची सोय मात्र आम्हीच काढून घेतलेली. ही गोष्ट माझ्या मनातून अजून जात नाही.

तर नवीन कुत्रा आणायचं ठरलं. कुठल्या जातीचा? दादाला हवा रॉटवायलर, ‘बिबट्याला टक्कर देईल’ म्हणून. काकांना मुधोळ, कारण आपल्याकडचा आणि ऐटदार. आणि मला... लाज वाटते, पण सांगते. सायबेरियन हस्की! मोबाइलवर त्याचे व्हिडिओ बघून मी पार वेडी झाले होते. आजी चुलीपाशी बसून सगळं ऐकत होती. ती एवढंच म्हणाली, "अगं, पन त्या वाघ्याला इचारलं का कोनी?"

सगळे हसले. मीही हसले. पण रात्री झोपताना मला किन्हवलीची राणी आठवली.

किन्हवली शहापूर तालुक्यात. तिथे जवळच माझ्या मामाचं घर आहे. राणी ही त्यांची गावठी कुत्री, अंगणाची मालकीणच म्हणा ना. ठाण्याच्या एका ओळखीच्या कुटुंबाला फ्लॅटमध्ये कुत्रा सांभाळणं जमेना, म्हणून त्यांनी आपली दीड वर्षाची जर्मन शेफर्ड मादी मामाला देऊन टाकली. फुकटात जर्मन शेफर्ड, आणखी काय पाहिजे! गाडीतून उतरवली ती थेट अंगणात, आणि दोघींच्या मध्ये दूधभाकरीचं एकच ताट. पुढचं सांगत नाही. राणीच्या कानाला टाके पडले. त्यानंतर वर्षभर एक सुटी असली की दुसरी बांधलेली. शेवटी शेफर्ड तिसऱ्या घरी गेली. मामा अजून म्हणतो, "जातच खराब." मला मात्र वाटतं, जातीचा यात फारसा दोष नव्हता. दोन मोठ्या माद्या, एक अंगण, एक ताट आणि ओळख करून द्यायला कोणी नाही. यात बिघडायचं ते बिघडलंच!

आपण ‘जात’ हा शब्द फार मोठा करून ठेवलाय. २०२२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला. अमेरिकेतल्या अठरा हजारांहून जास्त कुत्र्यांच्या मालकांना स्वभावाबद्दल प्रश्न विचारले होते आणि दोन हजारांवर कुत्र्यांचा डीएनए तपासला होता. निष्कर्ष काय? एका कुत्र्याच्या आणि दुसऱ्याच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला सरासरी ९ टक्के फरक फक्त जातीमुळे सांगता येतो. म्हणजे ब्रँच बघून मुलाचा स्वभाव ओळखण्यासारखंच हे. मेकॅनिकलचे सगळे दंगेखोर आणि कॉम्प्युटरचे सगळे शामळू, असं असतं का? (मेकॅनिकलवाल्यांनी उत्तर देऊ नये.) मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारनेही अशीच यादी काढली होती. २३ जाती ‘हिंस्र’ ठरवून त्यांच्यावर बंदी घाला, असं राज्यांना कळवलं. रॉटवायलर त्यात होताच. एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केलं.

मग जातीला काहीच अर्थ नाही का? आहे. जातीवरून वजन कळतं, केस किती दाट ते कळतं, आणि त्या कुत्र्याला पिढ्यान् पिढ्या कुठल्या कामासाठी वाढवलं तेही कळतं. फक्त या गोष्टी आपल्या आवडीशी नाही, तर घरात आधीपासून असलेल्या कुत्र्यांशी आणि आपल्या गावाशी ताडून बघायला पाहिजेत. मी वहीत चक्क तक्ता केला.

हस्की. सायबेरियाच्या बर्फात घसरगाडी ओढणारा, अंगावर दुहेरी केसांचा कोट. आमच्याकडे मे महिन्यात पत्र्याखाली माणूस भाजून निघतो, आणि पावसाळ्यात चार महिने अंगावरचे कपडे वाळत नाहीत. गोचिडांचं तर विचारूच नका. त्या केसांत गोचीड शोधणार कोण, आजी? मी तर इथे सबमिशन करत बसणार. माझी हौस दुसऱ्याच्या अंगावर! हस्की बाद.

रॉटवायलर. पूर्ण वाढला की चाळीस किलोंच्या पुढे. वाघ्या जेमतेम अठरा किलो, त्यात मागचा पाय अधू. नवा कितीही प्रेमळ निघाला तरी नुसत्या मस्तीत वाघ्याचा पाय जायचा. बाद.

मुधोळ. बागलकोट जिल्ह्यातल्या मुधोळचा, घोरपड्यांच्या संस्थानात नावाजलेला. आपल्याकडे त्याला कारवान म्हणतात. जानेवारी २००५ मध्ये टपाल खात्याने त्याचं तिकीटसुद्धा काढलं. उन्हाला टिकतो, केस कमी. पण हा शिकारी कुत्रा. नजरेने सावज हेरायचं आणि वाऱ्यासारखं धावायचं, यासाठीच घडवलेला. आमच्या अंगणात पंधरा कोंबड्या आणि शेजारी शेळीची करडं! शिवाय याला रोज मनसोक्त पळवणार कोण? काकांची गुडघेदुखी? काकांनी स्वतःच माघार घेतली.

राहिला बिबट्या. माळशेजच्या पलीकडे डोंगराला लागून अकोले तालुका आहे. तिथल्या बिबट्यांच्या विष्ठेवरून विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते काय खातात हे शोधलं, आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध केलं. वजनाच्या हिशेबाने सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा, ३९ टक्के! म्हणजे बिबट्याशी टक्कर द्यायला कुठली जात आणावी, हा प्रश्नच चुकीचा. शेरूला वाचवलं असतं ते रॉटवायलरने नव्हे, बंद दाराने.

शेवटी आजीचंच खरं झालं. शेजारच्या ठाकूरपाड्यावर एका कुत्रीला पिल्लं झाली होती, त्यातलं एक आणायचं. खरं सांगू? ‘गावठी’ हा शब्द ऐकून मी आधी नाक मुरडलं. शाळेत मधल्या सुट्टीत कोणी मराठीत बोललं की आम्ही एकमेकींना हाच शब्द शिवीसारखा वापरायचो. तीच मी आता, ज्यांच्यासोबत खेळून मोठी झाले त्या वाघ्या-चांदीवर भारी नावाचा पाहुणा आणून बसवायला निघाले होते! पण इथे गावठी म्हणजे इथल्या उन्हापावसात टिकलेला, बेताच्या वजनाचा आणि वाघ्याच्या बरोबरीचा. जादू नाही हं. रेबीजची लस, जंताचं औषध, गोचीड, सगळं त्यालाही लागतंच.

पिल्लू घेतलं नर, कारण चांदीसमोर दुसरी मादी नको, हे राणीने शिकवलं होतं. मोठा झाला की त्याची नसबंदी करायची, हेही तेव्हाच ठरलं. दोन महिने आईजवळ राहू दिलं, मग आणलं. पहिली भेट अंगणात नाही, बांधावर. तिथे कोणाचंच राज्य नाही. आधी वाघ्या एकटा, दुसऱ्या दिवशी चांदी. ताटल्या लांब लांब. वाघ्या गुरगुरला तेव्हा दादा त्याच्यावर ओरडायला निघाला, आम्ही थांबवलं. गुरगुरणं म्हणजे त्याचा रेक्टरकडचा अर्जच की! तो ऐकायचा, फाडायचा नाही. पंधरा दिवसांनी पिल्लू वाघ्याच्या पोटाशी झोपलेलं दिसलं. आजीने त्याचं नाव ठेवलंय पाव्हण्या. रात्री तिघेही पडवीत, दार बंद, गळ्यात साखळी नाही.

तुमच्यापैकी अनेकजण नोकरी लागली की पहिल्या पगारात कुत्रा घ्यायची स्वप्नं बघताय, मला माहितीये. जरूर घ्या. लॅब्रॅडॉर घ्या, मुधोळ घ्या, पाड्यावरचं पिल्लू घ्या. पण घरात आधीच कोणी शेपटी हलवत असेल, तर फोटो बघण्याआधी त्याच्याकडे बघा. त्याचं वय, त्याचा पाय, त्याची झोपायची जागा. पसंती आपली असते हो, पण संसार त्यांनाच करायचा असतो.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी