वैशाखांतील केक

मुलांच्या वाढदिवसाला औक्षणाबरोबर केकही आतां आपल्या घरांतून स्थिरावला आहे. तो योग्य कीं अयोग्य, हा वाद मी आज काढीत नाहीं. वऱ्हाडच्या उन्हाळ्यांत तो मोटारीनें परगांवीं न्यावयाचा झाल्यास कोणती सावधगिरी बाळगावी, एवढेंच भगिनींना सांगावयाचें आहे. आणि हें शहाणपण मला फुकट मिळालेलें नाहीं.

गेल्या वैशाखांत मूर्तिजापुरास सासूबाईंना ७५ वर्षें पूर्ण झालीं. माझ्या चौदा वर्षांच्या मुलीनें आजीसाठीं अकोल्यास घरींच केक केला. आजीला अंडें चालत नाहीं, म्हणून दही व सोडा घालून; आणि वर लोणी-साखरेचे गुलाब. त्या गुलाबांसाठीं ती रात्रीं बारापर्यंत जागली होती.

अंतर सुमारें ४० किलोमीटर, तासाभराचा रस्ता. म्हणून आम्ही निर्धास्तपणें सकाळीं अकराला निघालों. वाटेंत बोरगांव मंजूस एका नातलगांकडे पाणी पिण्यापुरतें उतरलों. गाडी बंद करून उन्हांत उभी केली होती. वीस मिनिटांनीं येऊन पाहतों तों गुलाब एका बाजूस घसरून त्यांचा नुसता चिखल झालेला! मुलगी रडली नाहीं. खिडकीबाहेर पाहत बसली. तेंच मला अधिक लागलें.

चूक माझी होती. लोणी ३२ ते ३५ अंश सेल्सिअसला पातळ होतें. मे महिन्यांत अकोल्याचा पारा ४५ पर्यंत सहज चढतो, आणि उन्हांतल्या बंद मोटारींतील हवा अर्ध्या तासांत बाहेरच्यापेक्षां पंधरा-वीस अंशांनीं अधिक तापते. ऊन कांचेंतून आंत येतें. तापलेल्या हवेला मात्र बाहेर वाट नसते.

तेव्हांपासून आमचा नेम असा: केक आदल्या रात्रीं फ्रिजमध्यें ठेवावा. तो आंतपर्यंत गार झाला म्हणजे सावकाश तापतो. निघावें तें उजाडतांनाच. गाडी आधीं दहा मिनिटें गार करावी, मग केक आंत न्यावा. खोका केकच्या मापाचाच असावा. सीट मागें कलती असते, मांडीला अंगाची ऊब असते, आणि डिकींत गारवा पोंचत नाहीं; म्हणून खोका पायांशीं सपाट जागीं, खालीं रबरी चटई घालून ठेवावा. बर्फाच्या पिशव्या फडक्यांत गुंडाळून खोक्याच्या बाहेरून लावाव्या. फुलें वेगळ्या डब्यांत गोठवून न्यावीं व मुक्कामीं पोंचल्यावर बसवावीं. फेटलेल्या सायीची सजावट या दिवसांत नकोच. पावसाळ्यांत तऱ्हा निराळी: गार केकवर दमट हवेचें पाणी धरतें व साखरेचा लगदा चिकट होतो, तेव्हां खोका लगेच उघडूं नये. आणि वाटेंत कोणाकडेही पाणी प्यावयास उतरूं नये!

त्या दिवशीं सासूबाईंनीं नातीला स्वयंपाकघरांत नेलें. सुरीनें वरचा थर काढला, गाळणींतून पिठीसाखर भुरभुरविली आणि म्हणाल्या, "जा, परसांतला मोगरा घेऊन ये. ताटाभोंवतीं मांडूं." मुलगी तेव्हां कुठें हंसली.

यंदां आम्ही पहाटेस साडेपांचला निघालों. गुलाब डब्यांतून शाबूत पोंचले. तरी आजीनें ताटाभोंवतीं मोगरा मांडलाच.