दालचिनीला औषध म्हणायचं, तर हिशेब द्या

रोज सकाळी उपाशीपोटी कोमट पाण्यातून चमचाभर दालचिनी घ्या, महिनाभरात शुगर आटोक्यात येते, असा सल्ला देणाऱ्याला मी एकच प्रश्न विचारतो: कुठल्या झाडाची साल? उत्तर कधीच मिळत नाही. साल कुठली, चमच्यात किती ग्रॅम मावतात, समोरच्याचं यकृत कसं आहे, यातलं काहीच ज्याला ठाऊक नाही त्यानं दुसऱ्याच्या शरीरावर प्रयोग करू नयेत. हे मी गोड शब्दांत सांगणार नाही. मधुमेहाच्या गोळ्या बंद करून या पुडीवर विसंबलेली माणसं माझ्या ओळखीत आहेत.

खरी दालचिनी हे श्रीलंकेच्या आणि आपल्या पश्चिम घाटाच्या सदाहरित जंगलांतलं झाड. बाजारात दालचिनी म्हणून सर्रास विकली जाते ती बहुतेकदा चीन, व्हिएतनाम, इंडोनेशियातून येणारी तिच्या भाऊबंदांची साल, म्हणजे कॅशिया. आपल्या मसाल्याच्या डब्यातली कांडी काढून बघा. खरी दालचिनी फिकट तपकिरी, कागदासारख्या पातळ सालींचे पदर एकात एक गुंडाळलेली. चिमटीत दाबली की चुरा होतो. कॅशिया लालसर, जाड, एकाच पदराची, दोन्ही कडांनी आत वळलेली. मिक्सरच्या पात्याची परीक्षा बघते. पूड झाली की मात्र डोळ्यांना हा फरक कळत नाही आणि औषध म्हणून लोक खातात ती नेमकी पूडच.

हा फरक चवीपुरता असता तर मी लेखणी उचलली नसती. कॅशियात कूमारिन नावाचं द्रव्य असतं आणि काही माणसांच्या यकृताला ते इजा करतं. खऱ्या दालचिनीत ते जेमतेम सापडतं. युरोपीय तज्ज्ञांनी रोजची सुरक्षित मर्यादा ठरवली आहे शरीराच्या दर किलो वजनामागे 0.1 मिलिग्रॅम. म्हणजे 60 किलोच्या माणसाला दिवसाला 6 मिलिग्रॅम. जर्मनीच्या सरकारी संस्थेच्या हिशेबानं कॅशियाच्या एका ग्रॅम पुडीत साधारण 3 मिलिग्रॅम कूमारिन भरतं. दोन ग्रॅमला मर्यादा संपली. शिगोशीग चहाचा चमचा त्याहून जास्त घेतो. एखाद्या दिवशी बिर्याणीत पडलेल्या तुकड्यानं कुणाचं काही बिघडत नाही. पण वर्षभर रोज चमचा पोटात ढकलायला सांगणं हा बेजबाबदारपणा आहे. आधीच यकृताचा त्रास असलेल्याच्या बाबतीत तर तो गुन्ह्याच्या जवळ जातो.

‘संशोधनानं सिद्ध झालंय’ असं मला ठणकावून सांगितलं जातं. कुठलं संशोधन? 2003 साली पाकिस्तानात 60 मधुमेहींवर झालेला एक अभ्यास गाजला. 40 दिवस कॅशिया दिली, उपाशीपोटीची साखर उतरलेली दिसली. त्यानंतरच्या चाचण्यांनी कधी होकार दिला, कधी नकार. 2012 मध्ये वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्यात 10 चाचण्या आणि 577 रुग्ण एकत्र तपासले गेले; मधुमेहावर दालचिनी वापरा म्हणण्याइतका पुरावा हाती लागला नाही. पण पहिली बातमी घरोघर पोचली आणि दुसरी कुणी पुढे पाठवली नाही, कारण तिच्यात विकण्यासारखं काही नव्हतं.

मग आयुर्वेदाच्या परंपरेची ढाल पुढे केली जाते. ती तरी नीट वाचा. सितोपलादि चूर्णात खडीसाखर 16 भाग, वंशलोचन 8, पिंपळी 4, वेलची 2 आणि दालचिनी 1. एकतीस भागांत एक भाग, तोही खोकल्यासारख्या ठरावीक तक्रारीवर, वैद्यानं माणूस बघून दिलेला. ज्या शास्त्रानं मात्रेचा इतका काटेकोर विचार केला, त्याच्या नावावर चमचेच्या चमचे खपवणारे त्या शास्त्राचीच बेअब्रू करतात. दालचिनीत गुण आहेतच. तिच्यातलं सिनॅमाल्डिहाइड प्रयोगशाळेतल्या बशीत जिवाणू मारतं. पण बशी म्हणजे माणूस नव्हे, आणि तेच द्रव्य ठासून भरलेलं तेल नुसतं त्वचेवर लावलं तर आग होते, फोड येतात.

या गोंधळात भरडला जातो तो आपला बागायतदार. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं ‘कोकण तेज’ ही जात दिली. नारळी-पोफळीच्या बागेत ती आंतरपीक म्हणून उभी राहते. फांदी तोडायची, वरची खरबरीत साल खरवडायची, दांड्यानं घासून आतली साल सैल करायची, अखंड सोडवायची, सावलीत वाळवायची. हातात कसब लागतं, दिवस मोडतात. आणि बाजारात या मालाला आयात कॅशियाच्या भावाशी झुंजावं लागतं, कारण गिऱ्हाइकाला दोन्ही एकाच नावानं विकलं जातं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत दालचिनी आणि तज म्हणजे कॅशिया यांची मानकं वेगळी आहेत. कायद्याला फरक कळतो, मग दुकानाच्या फळीवर तो का दिसत नाही?

माझ्या मागण्या साध्या आहेत. प्रत्येक पाकिटावर झाडाचं नाव आणि देश ठळक छापा. सुट्या पुडीची तपासणी करा. दालचिनीनं मधुमेह बरा होतो असं लिहून माल विकणाऱ्यावर कारवाई करा. आणि घरातल्यांनो, आई-वडिलांची गोळी सुटली नाही ना, हे आज विचारा. दालचिनी चालू असेल तर ती डॉक्टरांच्या कानावर घाला. देशात दहा कोटींहून अधिक मधुमेही आहेत, म्हणून हा बाजार इतका मोठा आहे. गोळ्या सोडायला सांगणारा माणूस पायाची जखम चिघळल्यावर तुमच्याबरोबर इस्पितळात येणार नाही, आणि बिलही भरणार नाही.