बोऊबाजारात पाणी कोठे मुरते?

३१ ऑगस्ट २०१९ रोजी कोलकात्याच्या बोऊबाजारात पूर्व-पश्चिम मेट्रोचा बोगदा खोदणाऱ्या यंत्राला जलधारक थर लागला. पाण्याबरोबर माती बोगद्यात वाहू लागली आणि दुर्गा पिथुरी लेन व स्याकरापाडा लेनमधील जुनी घरे तडकली, खचली, काही कोसळली. शेकडो रहिवाशांना नेसत्या वस्त्रांनिशी घर सोडावे लागले. सोनारकामाचे कारखाने ठप्प झाले. ११ मे २०२२ रोजी पाणी पुन्हा शिरले, पुन्हा भिंतींना भेगा पडल्या. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला मदन दत्त लेनची पाळी आली. एकदा घडते त्यास अपघात म्हणता येईल. तीनदा घडल्यावर निसर्गाकडे बोट दाखविणे ही निव्वळ दिशाभूल होय.

गंगेच्या गाळावर वसलेल्या या शहरात थोडे खणताच पाणी लागते, हे काही नवे ज्ञान नव्हे. १९७२ साली कोनशिला बसलेल्या पहिल्या मेट्रोचे कामगार याच चिखलात उतरले होते. पाणी उपसणे सोपे. मोठा पंप लावला की झाले! परंतु जमिनीतील पाणी मातीच्या भाराचा काही वाटा पेलत असते. ते बेसुमार काढले की मऊ चिकणमाती दबते. गाळणी नसेल तर बारीक रेतीही पंपावाटे निघून जाते आणि शेजारच्या पायाखाली पोकळी उरते. पंपाचे पाणी गढूळ येऊ लागणे हा पहिला इशारा. तो पंपावरच्या मजुराला सर्वांआधी दिसतो, परंतु काम थांबविण्याचा अधिकार मात्र त्याला नसतो. २०१९ मध्ये अखेर बोगद्यात भिंत घालून उलट पाणीच भरावे लागले, तेव्हा कोठे दाब सावरला.

पाणी अडविणाऱ्या खोल भिंती, गाळणीच्या विहिरी, भूजलपातळी मोजणाऱ्या नळ्या ही साधने शास्त्राने केव्हाच दिली आहेत. मात्र सर्वांत कमी दराच्या निविदेत त्यांचा खर्च कंत्राटदाराच्या नफ्यातून वजा होतो आणि त्यांना लागणारा वेळ उद्‌घाटनाच्या घाईत बसत नाही.

२२ ऑगस्ट २०२५ रोजी एस्प्लनेड-सियालदह टप्पा खुला झाला. श्रमिकांना अशी वाहतूक हवीच आहे. म्हणूनच यापुढे प्रत्येक भुयारी कामात पाण्याच्या बंदोबस्ताची रक्कम निविदेतून वेगळी काढली पाहिजे, पातळीचे रोजचे आकडे गल्लीच्या तोंडाशी लोकांच्या भाषेत लावले पाहिजेत आणि नुकसानभरपाई ठरविताना घरमालकाच्या भिंतीबरोबर भाडेकरू कारागिराची बुडालेली मजुरीही मोजली पाहिजे.