चौकटीबाहेर गेलेले नाटक

विजय तेंडुलकरांची लीला बेणारे सध्या मोबाइलवर पुष्कळ भेटते. कॉलेजातली एखादी मुलगी कॅमेऱ्यासमोर बसते, 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधल्या शेवटच्या स्वगताचा मिनिटभराचा तुकडा डोळ्यांत पाणी आणून म्हणते आणि खाली शाबासकीचा पाऊस पडतो. नाटकाच्या पेपरसाठी 'रील करून आणा' असा गृहपाठही आता दिला जाऊ लागला आहे. त्या निमित्ताने मुले अभिजात नाटकाकडे वळतात, असे त्याचे समर्थन केले जाते. आम्हांला हा प्रकार धोक्याचा वाटतो.

या नाटकात हौशी कलावंतांची एक मंडळी रात्रीच्या कार्यक्रमासाठी खेडेगावातल्या सभागृहात येते आणि वेळ जात नाही म्हणून लुटुपुटीचा खटला मांडते. आरोपी बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. हसतखिदळत सुरू झालेला खेळ तिच्या खासगी आयुष्यात घुसतो. अखेर न्यायाधीश झालेले काशीकर तिला बाजू मांडायला दहा सेकंद देतात. मग येते ते प्रदीर्घ स्वगत. पण त्या वेळी रंगमंचावरचा प्रत्येक जण आहे तिथे थिजलेला असतो. ते संपते तेव्हा कोर्टाच्या लेखी आरोपीने चकार शब्द काढलेला नसतो. वेळ संपते, शिक्षा सुनावली जाते. बेणारेचे बोलणे प्रेक्षकांखेरीज कोणीही ऐकलेले नाही. 1967 साली 'रंगायन'ने हे नाटक आणले, अरविंद देशपांडे यांनी ते बसवले आणि सुलभा देशपांडे यांनी बेणारे उभी केली, तेव्हापासून अंगावर येते ते हेच.

मोबाइलच्या उभ्या चौकटीत एकच चेहरा मावतो. काशीकर आणि खटल्यातले सुखात्मे, पोंक्षे, कर्णिक सगळे बाहेर राहतात. पाहणाऱ्याला वाटते, बाईने कोर्टाला चांगलेच सुनावले. तेंडुलकरांनी लिहिले त्याच्या हे नेमके उलटे आहे. मुलांच्या मनात नाटक अर्धवट राहिले असते तर एकवेळ चालले असते. इथे ते चुकीचे रुजते, आणि त्यावर गुणही मिळतात.

समाजमाध्यमांना आमचा विरोध नाही. इंग्लंडमध्ये 2010 साली रॉयल शेक्सपिअर कंपनीने 'रोमिओ अँड ज्युलिएट'ची गोष्ट ट्विटरवर मांडली होती. नट आपापल्या पात्राच्या नावाने लिहीत होते आणि हे पाच आठवडे चालले. शेक्सपिअरची भाषा त्यात उरली नाही, हे खरे आणि ते नुकसान लहान नाही. तरीही कथेला तिचा वेळ मिळाला, एका पात्राच्या करणीचे परिणाम दुसऱ्याला भोगावे लागताना दिसले.

आपल्या वर्गांतही असे काही करता येईल. व्हॉट्सअॅपच्या गटात प्रत्येक विद्यार्थ्याने एक पात्र घ्यावे आणि अंकामागून अंक वाचताना त्या पात्राला काय माहीत आहे, ते काय लपवते, हे लिहावे. सामंत या भाबड्या गावकऱ्याची साक्षच घ्या. हातातल्या कादंबरीतला मजकूर तो बिनदिक्कत साक्ष म्हणून सांगतो आणि सुखात्मे वकील तो बेणारेविरुद्ध पुरावा म्हणून वापरतात. खोटी माहिती पुढे ढकलून एखाद्याची बदनामी कशी होते, हे रोज पाहणाऱ्या मुलांना यावर बोलायला पुष्कळ असेल. मात्र त्यासाठी पूर्ण संहिता हाती हवी. रीलपुरते स्वगत उतरवून घेणाऱ्याला सामंत भेटतच नाही.

विद्यापीठांच्या अभ्यास मंडळांनी म्हणूनच ठाम नियम करावा: संपूर्ण नाटकाचे वर्गात वाचन झाल्याशिवाय रीलला गुण नाहीत, आणि प्रवेश निवडला तर त्यातली सर्व पात्रे चौकटीत हवीत. महाविद्यालयांनी नेमलेल्या नाटकाच्या पुरेशा प्रती ग्रंथालयात ठेवाव्यात. हा निर्णय येत्या शैक्षणिक वर्षाआधी व्हायला हवा. तपासायला सोपा असलेला हा गृहपाठ एकदा अंगवळणी पडला की तो मागे घ्यायला कोणी पुढे येणार नाही.